दोष आईच्या दुधाचा नाही

नात्यातल्या एका घरी बाळ वर्षाचे झाले तरी बसेना. बायकांनी निकाल दिला, ‘दुल्हनच्या दुधातच खराबी आहे.’ ती मान खाली घालून ऐकत राहिली. पुढे तपासणीत आजार निघाला, फिनाइलकीटोन्युरिया. तोवर उशीर झाला होता.

१९३४ साली नॉर्वेत एका आईने आपली दोन मतिमंद मुले डॉ. फॉलिंग यांच्याकडे नेली. मुलांच्या लघवीच्या तपासणीतून हा आजार प्रथम उघड झाला. प्रथिनांतले फिनाइलॲलनिन अशा बाळाच्या यकृतात मोडले जात नाही. ते रक्तात साचून मेंदूला इजा करते. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच आजार होतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. मग बोट एकट्या आईकडेच का?

सख्ख्या चुलत-मावस भावंडांत जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा सारखा असतो. म्हणून घरातल्या घरात सोयरीक झाली की धोका वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू जातींतही होते, तेव्हा हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. पण आपल्यापुरते सांगतो, असे लग्न जायज आहे, फर्ज नाही. घराण्यात असे मूल असेल तर लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्या. बाळ जन्मल्यावर टाचेतल्या रक्ताची चाचणी करा. पहिल्या काही आठवड्यांत आहार बदलला तर तेच मूल वर्गात इतरांसारखे शिकते.

तकदीरचे नाव घेण्याआधी एवढे तरी करू या.