निगेटिव्ह कुठं आहे?

दिवाळीत पुतण्या आला होता. माझ्या संगणकाकडे बघून म्हणाला, "काका, अजून जिंपच वापरता? आता एका क्लिकमध्ये फोटो सुधारून मिळतो." 'सुधारून' म्हटलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. मंडळी, वह्या तपासताना आम्ही लाल शाईने खुणा करायचो. मुलाचं वाक्य खोडून तिथे आपलं लिहून ठेवत नव्हतो!

फिल्मवरून डिजिटलवर आलेले माझ्या वयाचे लोक 'कुठलं सॉफ्टवेअर घेऊ' असं विचारतात आणि त्यात काय काय करता येतं याची यादी मागतात. अहो, आधी हे विचारा की निगेटिव्ह कुठं राहते?

माझ्याकडे आग्फा क्लिक ३ होता. १२०चा रोल, बारा फोटो. १९७६ साली वाईच्या घाटावर काढलेला आमच्या हिचा फोटो फार काळा आला होता, पण निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात होती. पुढे दोनदा नवीन प्रिंट काढली, दुसरी चांगली आली. स्टुडिओवाल्याने प्रिंटवर काहीही केलं तरी निगेटिव्हला धक्का नव्हता.

नंतर डिजिटल कॅमेरा आला. २००८ साली नातीच्या बारशाला काढलेला हिचा फोटो हा तिचा शेवटचा चांगला फोटो. घरातल्याच एकाने प्रेमाने तो 'साफ' केला. हनुवटीवरचा तीळ त्याला डाग वाटला! त्याच नावाने सेव्ह केला आणि मूळ फाइल गेली. प्रोग्रामचं नाव सांगत नाही, कारण त्याने सांगितलं तेच केलं. शिवाय जेपेग फाइल अशी बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील गळतोच.

म्हणून मला जिंप आवडतं. फुकट आहे हे खरं, पण कारण ते नाही. २०१२च्या २.८ आवृत्तीपासून त्यात नुसतं सेव्ह केलं की जिंपची स्वतःची वेगळी फाइल होते. जेपेग हवी तर 'एक्स्पोर्ट' करावं लागतं. यावर लोकांनी केवढा त्रागा केला! मला मात्र ही आडकाठी शहाणपणाची वाटते. मूळ फोटोवर लिहायचंच असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींसाठी मी डार्कटेबल वापरतो. तेही फुकट. ते मूळ फाइलला हात न लावता केलेले बदल शेजारच्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. अगदी समासातल्या लाल शाईसारखं. (शिकायला मला दोन महिने लागले, हेही कबूल करतो.)

पुतण्या म्हणाला, लाइटरूमही मूळ फोटो जपतं. बरोबर आहे. पण २०१५चं लाइटरूम ६ हे एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं शेवटचं. आता वर्गणी. ती थांबली की फोटो तुमचेच राहतात, पण पूर्वी केलेले बदल पुन्हा हाताळायची खोली बंद. पेन्शनीत बसणाऱ्या माणसाने आपल्या बायकोच्या फोटोपायी दरमहा भाडं का भरावं? आणि फुकटवालेही अमर नसतात. पिकासा किती सोपं होतं! २०१६ साली गूगलने ते बंद केलं. ज्यांनी बदल केले पण वेगळी प्रत काढली नाही, त्यांचे बदल पिकासालाच कळणाऱ्या फायलींत अडकले. म्हणून मी कुठल्याही प्रोग्राममध्ये काम झालं की एक प्रत बाहेर काढतो आणि मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवतो.

दुकानदाराने संगणकाबरोबर 'टाकून दिलेल्या' चोरीच्या फोटोशॉपबद्दल बोलतच नाही. कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलंय.

असो. पुतण्याने जाताना बारशाचा फोटो मागितला. त्याच्या त्या क्लिकने तीळ परत आणून देतो म्हणाला. कुठे होता ते त्याला आठवत नव्हतं. मी त्याला वाईचा फोटो दिला.