डोंगराचे देणे

दरवर्षी १६ आणि १७ जानेवारी आली की ठाणे-बेलापूर पट्ट्यापासून उरणपर्यंतच्या गावांना १९८४ आठवते. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर त्या दोन दिवसांत गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. ज्याच्या जमिनीवर शहर उभे राहते, त्याचा त्या शहरात वाटा राहिला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. हुतात्म्यांना अभिवादन करताना तेच तत्त्व पारसिकच्या डोंगरालाही लावण्याची वेळ आली आहे.

कोपरखैरण्यातून पूर्वेला पाहिले की एमआयडीसीच्या पलीकडे कापलेला पारसिकचा डोंगर दिसतो. तुर्भे, पावणे, रबाळे या बाजूंना वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या. सुरुंगांनी काळा कातळ फोडला, क्रशरने त्याची खडी केली आणि ती या शहराच्या रस्त्यांत, पुलांत, इमारतींत गेली. यातल्या अनेक खाणी प्रकल्पग्रस्तांनाच उपजीविकेचे साधन म्हणून मिळाल्या होत्या. भातशेती आणि मिठागरे गेलेल्या माणसाच्या हाती डोंगर दिला गेला. प्रत्यक्ष घण घालायला आले ते वडार समाजाचे आणि दुष्काळी जिल्ह्यांतून पोट भरायला निघालेले मजूर. त्यामुळे या खाणींकडे पाहताना कुणा एकाला गुन्हेगार ठरवून भागणार नाही. खडी सगळ्या शहराने वापरली आहे, म्हणून डोंगराचे देणेही सगळ्या शहराचे आहे.

खाण थांबली म्हणजे ती बंद झाली, असे होत नाही. मागे उरतात सरळ तुटलेले कडे, सुटून लोंबकळणारे दगड आणि पावसात भरणारे खोल खड्डे. कुंपण नसलेल्या अशा खड्ड्यात पोहायला उतरलेली मुले परत येत नाहीत, हे राज्यातल्या कितीतरी खाणवस्त्यांचे दुःख आहे. रीतसर बंद करायचे तर आधी उभा कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरता करावा लागतो, सैल दगड पाडावे लागतात, पाण्याला वाट काढून द्यावी लागते. खोदकामाच्या सुरुवातीला काढलेली वरची माती जपून ठेवलेली असेल, तरच ती पुन्हा पसरता येते. कातळाच्या फटीत उंबर आणि पिंपळ आपले आपण रुजतात, उतारावर करंज, पांगारा, काटेसावर तग धरतात. माती आणि निचरा यांचा विचार न करता पावसाळ्यात रोपे खोचून फोटो काढले, तर उन्हाळ्यापर्यंत तिथे काही उरत नाही.

कायद्याने याची दखल घेतलेली आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजांच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने, खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत रुजवण्याची अट खाणपट्ट्यातच घालावी, असा आदेश केंद्राला दिला. कोळसा खाणींसाठी २००९पासून खाण बंद करण्याचा खर्च दरवर्षी थोडाथोडा वेगळ्या खात्यात भरून ठेवावा लागतो. विदर्भातल्या कोळशाला लागू असलेली ही शिस्त कोकणातल्या काळ्या दगडाला का लागू नसावी?

बिघडलेली जमीन सुधारता येते, याचा पुरावा कोपरखैरण्यातच आहे. सेक्टर १४मधले निसर्ग उद्यान जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभे आहे. जिथून लोक नाक दाबून जात, तिथे आज माणसे सकाळी फिरायला येतात. मात्र अशा जमिनीची जबाबदारी उद्घाटनाच्या फितीबरोबर संपत नाही. आत कुजणाऱ्या कचऱ्याचा वायू आणि झिरपणारे पाणी यांवर पुढची कित्येक वर्षे लक्ष ठेवावे लागते. खाणीचेही तसेच आहे.

तयारीविना खाणी थांबल्या की काय होते, ते शेजारच्या गोव्याने भोगले. ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने तिथले ८८ खनिजपट्टे रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम थांबले. बेकायदा उत्खननाला चाप लागणे आवश्यकच होते. पण ट्रक, बार्ज आणि रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी दुसरी वाट कुणी आखून ठेवलेली नव्हती, आणि शेतात गेलेला खाणगाळ काढण्याचे काम तसेच उरले.

म्हणूनच खाण बंद करण्याचा आराखडा लोकांबरोबर बसून झाला पाहिजे. इथे एक अडचण आहे. महापालिका आल्यावर या गावांच्या ग्रामपंचायती गेल्या आणि गावठाणांना ग्रामसभेचे व्यासपीठ राहिले नाही. खाणवस्तीतल्या मजुराचे तर नावही अनेकदा कुठल्या कागदावर नसते. नवी मुंबई वसवणारी सिडको, महापालिका, वन विभाग आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांनी मिळून प्रत्येक जुन्या खाणीसाठी एक समिती नेमावी. तिच्यात गावठाणाचे आणि मजुरांचे प्रतिनिधी निम्म्याहून कमी नसावेत. खड्डा तलाव व्हावा, रान व्हावे की मैदान, हे त्यांनी ठरवावे, आणि ठरलेला वापर सातबाऱ्यावर नोंदवावा, म्हणजे उद्या तिथे टॉवर उभे राहणार नाहीत. कडे उतरते करण्याचे, कुंपणाचे, लागवडीचे काम आधी खाणमजुरांना मिळावे, कारण दगडाची नस त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही. २०१५च्या कायदादुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा याच वस्त्यांच्या पाण्यासाठी, शाळेसाठी, आरोग्यासाठी खर्च व्हावा. नव्या परवान्याबरोबर खाण बंद करण्याची अनामत आधी घ्यावी आणि समितीने जागा पाहून मान्यता दिल्यावरच ती परत करावी.

१९८४च्या हुतात्म्यांनी शहराला विरोध केला नव्हता. शहर घडवताना आम्हाला विचारा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. डोंगराच्या पायथ्याशी धूळ खात जगलेल्या माणसांचेही म्हणणे तेच आहे, आणि ते ऐकून घेण्यासाठी आणखी एका आंदोलनाची वाट पाहण्याचे कारण नाही.