‘देवकण’ या शब्दाने केलेली फसगत

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज कणासारखा नवा कण सापडल्याचे जाहीर केले, आणि घाटनांदूरच्या स्थानकावर परळीच्या गाडीची वाट पाहणाऱ्यालाही एक शब्द ठाऊक झाला : ‘देवकण’.

हा शब्द आता टाकून द्यावा, असे माझे मत आहे. त्याचे मूळ लिऑन लेडरमन यांच्या १९९३च्या पुस्तकाच्या शीर्षकात आहे. हाती न लागणाऱ्या त्या कणाला खरे तर शिवीच द्यायची होती, पण प्रकाशकाला ती चालली नसती, असे त्यांनी थट्टेने लिहिले. थट्टा विरली आणि देव तेवढा उरला!

या नावामुळे दुसराही गैरसमज रुजला : त्या यंत्रात विश्वाचा जन्म पुन्हा घडवतात. तसे काहीही तेथे घडत नाही. २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात, तेव्हा अणूहून कितीतरी लहान जागेत क्षणभर प्रचंड ऊर्जा एकवटते. विश्व जन्मानंतर सेकंदाच्या सुमारे लाख कोटीव्या भागाइतके वयाचे असताना सर्वत्र कणाकणाची ऊर्जा याच पातळीची होती. त्या अवस्थेतील नियम येथे तपासता येतात. खुद्द आरंभाचा क्षण मात्र या यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे.

प्रोटॉनऐवजी शिशाची अणुकेंद्रके आदळवली, की सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून अधिक तापमान निर्माण होते आणि प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात. पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सारे विश्व असेच होते. ही अवस्था वायूसारखी असेल, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. अमेरिकेतील ब्रूकहेवनच्या प्रयोगांनी २००५ मध्ये दाखवले, की ती जवळजवळ घर्षणरहित द्रवासारखी वाहते. गणिताच्या जोरावर बांधलेली कल्पना प्रयोगाने अशी दुरुस्त केली, ही गोष्ट मला हिग्जच्या गाजावाजाहून मोलाची वाटते.

मराठी वाचकाला विश्वरचनाशास्त्राची गोडी लावली ती जयंत नारळीकरांनी, आणि ते तर महास्फोटाच्या सिद्धांताचेच टीकाकार होते. त्यांचा पर्यायी सिद्धांत बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही, मीही तो मानत नाही. परंतु आरंभाविषयीच्या विधानाला पुरावा मागण्याची त्यांची सवय आपण उचलायला हवी होती. आपण उचलला तो देवकण.

वर्तमानपत्रांतून क्वचितच आलेली एक बाब येथे नोंदवतो. हिग्ज शोधणाऱ्या दोन प्रयोगांपैकी सीएमएस या प्रयोगात, महाचुंबकाच्या बाहेर, निसटत्या कणांची ऊर्जा टिपणारा एक थर आहे. त्यातील चमकणाऱ्या प्लास्टिकच्या फरश्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुरवल्या. आता मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. तिचे काम वेगळे : कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना उठणाऱ्या लहरी मोजणे. नागनाथाच्या शेजारामुळे तिला कोणते नाव चिकटते, ते लवकरच कळेल.