मापात पाप नको, बोल्ट आवळतानाही नको

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. शिक्षण उर्दू शाळेतले, मराठी आम्ही बाजारात गिऱ्हाइकांशी बोलता बोलता शिकलो. धंद्याने पहिला धडा दिला तो हा की नजर कितीही तयार असो, तागा मोजूनच द्यायचा. अंदाजाने फाडलेले कापड एकतर आपले नुकसान करते, नाहीतर गिऱ्हाइकाचे. हा धडा आम्ही दुकानात पाळला आणि घरच्या अंगणात विसरलो.

आमची जुनी ओम्नी भिवंडीहून नाशिकच्या दुकानांना माल पोहोचवते. तिचे पुढचे लोअर आर्म खिळखिळे झाले. भाचा म्हणाला, “मामू, गॅरेजला कशाला द्यायची? आपणच बसवू.” गाडी जॅकवर उचलली, नवे आर्म बसवले आणि चाके हवेत लटकत असतानाच, पान्यावर पाइप चढवून अंगातला जोर संपेपर्यंत सगळे बोल्ट आवळले. मजुरी वाचली म्हणून आम्ही खूश.

तीन महिन्यांत कसारा घाटात प्रत्येक खड्ड्याला पुढून कट-कट ऐकू येऊ लागले. नाशिकला गाडी उचलून पाहिली तर बुशचे रबर फाटलेले, आणि एक बोल्ट खोलताना त्याचे आटे ताणून खराब झालेले निघाले. दुप्पट खर्च झाला, माल दोन दिवस उशिरा पोहोचला. आदल्याच आठवड्यात त्या गाडीतून घरची लहान मुले लग्नाला गेली होती, हे आठवून मात्र अंगावर काटा आला.

चूक कुठे झाली, ते आम्ही नंतर जाणत्या मिस्त्रींकडून समजून घेतले. बुश म्हणजे आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडे आणि दोहोंच्या मध्ये चिकटलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चौकटीशी घट्ट बसते. पुढे आर्म वरखाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळवटते. चाक हवेत असताना बोल्ट आवळला तर आर्म खाली लोंबकळत असतो आणि रबर त्या स्थितीत अडकते. गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ बसतो. ओले कापड पिळून तसेच ठेवून दिले तर त्याचे काय होईल, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून अशा बुशचे बोल्ट आधी नुसते लावून घ्यावेत, गाडी चाकांवर उभी करून दोन-चार वेळा दाबून हलवावी, आणि तिचे वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळावेत. खाली हात पोहोचत नसेल तर चाके भक्कम रॅम्पवर घ्यावीत. बॉल जॉइंटच्या नटाला ही अट नाही.

दुसरी चूक जोराची. बोल्ट हा खरे तर एक ताठ स्प्रिंग असतो. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. ताण कमी पडला तर भाग हलतात, जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो आणि त्याची पकड जाते. एक मीटरच्या पाइपवर 40 किलोचा भार टाकला की 40 किलो-मीटर, म्हणजे सुमारे 392 न्यूटन-मीटर जोर लागतो. लहान गाडीच्या सस्पेन्शनमधल्या बहुतेक बोल्टांना याच्या निम्माही जोर नको असतो. शिवाय लावलेल्या जोराचा मोठा भाग घर्षणातच जातो. आट्यांना तेल लावले की घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. कंपनीने आकडा कोरड्या आट्यांसाठी दिला असेल तर तेल लावू नये.

आकडा वाचताना मापही पाहावे. 1956 च्या कायद्यानंतर गज जाऊन मीटर आला, तेव्हा 100 गज आणि 100 मीटर यांत साडेआठ मीटरचा फरक पडतो हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पदरमोड करून शिकून घेतले. इथेही तसेच आहे. एक किलो-मीटर म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर, आणि एक फूट-पाउंड म्हणजे सुमारे 1.36 न्यूटन-मीटर. गफलत झाली तर बोल्ट तुटेल किंवा ढिला राहील.

हा जोर मोजणारा पाना म्हणजे टॉर्क रेंच. ठरवलेल्या आकड्यावर तो ‘कट’ करतो, तिथेच थांबावे. त्याने बोल्ट खोलू नयेत, आणि काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा. नायलॉनचे कडे असलेला नट दरवेळी नवा घ्यावा. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे सोडू नये, थोडा पुढेच न्यावा. चाकांचे नट 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, घोड्या लावाव्यात. स्ट्रटच्या वरचा मधला नट तर घरी खोलूच नये, आत दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

एका जुन्या मिस्त्रींना आम्ही हे बोललो तर ते हसले. म्हणाले, “शेठ, आमचा हात सांगतो.” हाताची किंमत आम्हीही जाणतो. करघ्यावर बसणाऱ्याची बोटे सुताचा दोष डोळ्यांआधी ओळखतात. पण तोच कारागीर कापडाची लांबी बोटांवर सांगत नाही, मोजतो. सकाळचा हात आणि दिवसभर राबून थकलेला संध्याकाळचा हात एकसारखा जोर देत नाही.

आमचे स्पष्ट मत असे की आपल्या वस्त्यांतील प्रत्येक गॅरेजात टॉर्क रेंच असावाच. एकट्याला परवडत नसेल तर तिघा-चौघांनी मिळून घ्यावा आणि वर्षातून एकदा तपासून घ्यावा. आणि आम्ही गिऱ्हाइकांनीही मोजून काम करणाऱ्या मिस्त्रीशी मजुरीसाठी घासाघीस करू नये. बोल्ट मोजून आवळायला त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायलाच हवेत. आमच्या भाच्याने आता पाना घेतला आहे. आमच्या दुकानात तो मोजपट्टीच्या शेजारीच टांगलेला असतो.