काडतुसांचा पट्टा कोणाच्या कमरेला?

शिकारीच्या काडतुसांसाठी अंगावर बांधायची पिशवी. नेटवर शोधा, ढिगाने सापडतील. झाडपाल्याची नक्षी, इलास्टिकच्या पंचवीस कड्या, खांद्यावरून तिरपा पट्टा... आणि सगळ्यांची जाहिरात एकच : हात घातला की काडतूस हातात! 'शोले'तल्या गब्बरने १९७५ साली खडकांवरून पट्टा फरफटत नेला, तेव्हापासून आपल्याकडे काडतुसांचा पट्टा म्हणजे मर्दानगीचा दागिना झालाय. सिनेमात ठीक आहे हो. पण अकोला-अमरावतीच्या वावरात हीच वस्तू कमरेला बांधायची म्हटली, तर तिचं आख्खं डिझाईन चुकीचं आहे, नुसतं गैरसोयीचं नाही तर धोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. पटलं नाही तर भांडू, पण आधी पूर्ण वाचा.

कुठल्याही डिझाईनचा पहिला प्रश्न : वापरणार कोण? उत्तर "शिकारी" असेल तर विषय इथेच संपतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार हा गुन्हा आहे. मग उरतो कोण? ज्याच्या पिकात रानडुकरं आणि रोही घुसतात तो. कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाचं नुकसान करणारा प्राणी मारायची परवानगी मिळू शकते, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने रोही आणि रानडुकरांच्या बाबतीत हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. म्हणजे आपला 'यूजर' जीपमधून हिंडणारा साहेब नाही. तो जागलीला गेलेला माणूस आहे. डिसेंबरची थंडी, चन्याचं वावर, अंगावर घोंगडी, कपाळाला बॅटरी, एका हातात काठी, आणि दिवसभर काम करून रात्री न झोपलेले डोळे. गावाकडे कोणालाही विचारा, तो सांगेल, "रातभर जागलो तरी सकाळी पाह्यतो त अर्ध वावर उकरेल." हे दुःख खरं आहे. शहरात बसून "प्राण्यांची जागा आपणच घेतली ना" म्हणणाऱ्यांनी एकदा दवात भिजत जागल करून पाहावी आणि मग बोलावं.

पण तेवढ्याच जोरात दुसऱ्या पार्टीलाही सांगायचंय. "शेतकऱ्याला बंदुका द्या, काडतुसं द्या, प्रश्न मिटला" हे भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे. वाक्य ठोकणाऱ्याने शस्त्र कायदा उघडून पाहिलेला नसतो. १९५९ च्या त्या कायद्यात पीक राखणीसाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतंच! तिला दारू वेगळी, छर्रे वेगळे, टोप्या वेगळ्या. म्हणजे ज्याच्यासाठी हे पंचवीस कड्यांचे पट्टे विकले जातात, त्यातल्या अनेकांच्या हातात असलेल्या बंदुकीत ते काडतूस जाणारच नाही. बाजाराला याचं काही नाही. बाजाराने परदेशातल्या बदकं मारणाऱ्याचा पट्टा उचलला आणि आपल्या गळ्यात घातला.

बरं, समजा परवाना १२ बोरचा आहे. आता जरा वस्तूकडे बघू. १२ बोर म्हणजे एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती नळी, साधारण साडेअठरा मिलीमीटरची. एका काडतुसाचं वजन चाळीस-पन्नास ग्रॅम. पंचवीस भरले की किलोभर वजन कमरेला. कशासाठी? एका रात्रीत डुकरांच्या कळपावर पंचवीस बार काढणारा माणूस राखणदार नसतो, तो दिवाळी करतोय.

पट्टा चामड्याचा असेल तर आणखी मजा. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि दमट हवा यांनी पितळेचं बूड कळकतं. आजीच्या पितळी डब्यावर चढतो तोच हिरवा कळंक. कळकलेलं काडतूस नळीत नीट बसत नाही, बसलं तर निघत नाही. पावसाळ्यात सोयाबीन पेरल्यावर डुकरं बियाणं उकरायला येतात, तेव्हा हा पट्टा रात्रभर ओला. आणि इलास्टिक? अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात खुंटीला टांगून ठेवलेलं इलास्टिक दोन वर्षांत सैल पडतं. सैल कडीतून काडतूस कुठे गळून पडलं ते रात्री कळत नाही. काळ्या मातीच्या भेगेत गेलेलं जिवंत काडतूस नंतर कोणाला सापडणार? वखराला, बैलाच्या खुराला, नाहीतर वेचणीला आईबरोबर आलेल्या पोराला.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. या पिशवीची पहिली रिक्वायरमेंट वेग नाही, मोजदाद आहे. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील याचा आकडा लिहिलेला असतो. म्हणजे दुकानातून निघताना हिशोब आहे, पण वावरात शिरल्यावर तो संपतो. हा हिशोब वावरात चालू ठेवायचं काम पिशवीने करायला पाहिजे.

कशी? अगदी साधी. जाड सुती कॅनव्हासची (कापूस आपलाच आहे, चामडं कशाला?), सहा खणांची, वर एक कडक झाकण असलेली. पंचवीस नाही, सहाच खण. प्रत्येक खण एकाच काडतुसाचा, साधारण पाच सेंटिमीटर खोल. भरलेलं काडतूस पितळी बूड वर करून ठेवायचं. बार झाला की रिकामं टरफल फेकायचं नाही, त्याच खणात उलटं ठेवायचं, उघडं तोंड वर. अंधारात बॅटरी न लावता बोट फिरवलं की कळतं : चपटं गार पितळ लागलं तर जिवंत, पोकळ कड लागली तर उडालेलं. शिवाय काडतुसावर ७० मिलीमीटर लिहिलेलं असतं ती लांबी उडाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची. भरलेलं काडतूस त्याहून सेंटिमीटरभर आखूड असतं. म्हणजे रिकामं टरफल खणातून जास्त वर डोकावणार. बोटाला चुकता येणार नाही. आणि कडक झाकण यासाठी, की बुडाच्या मधली टिकली, जिच्यावर बंदुकीची सुई आपटते, ती दगडावर आपटू नये.

सकाळी घरी आल्यावर सहा खणांत सहा नग दिसले पाहिजेत. पाचच दिसले तर चहा नंतर, आधी वावरात जाऊन शोधायचं. बस्स, एवढंच डिझाईन आहे. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर जो स्टॉक आत गेला तो बाहेर आला पाहिजे. किराणा दुकानदाराला हे कळतं, पट्टे विकणाऱ्याला कळत नाही.

आणखी एक नियम : या पिशवीत दुसऱ्या बोरचं काडतूस कधीच ठेवायचं नाही. २० बोरचं बारीक काडतूस चुकून १२ बोरच्या नळीत घातलं तर ते आत घसरून अडकतं. माणसाला वाटतं नळी रिकामी आहे. मागून १२ चं घातलं आणि घोडा ओढला की नळी फुटते, बहुतेक वेळा डाव्या हाताजवळ. एकाच मापाचे खण असले की २० बोरचं त्यात खुळखुळतं आणि चूक आधीच पकडली जाते. इलास्टिकची कडी मात्र दोन्ही मापं तेवढ्याच प्रेमाने धरून ठेवते.

आता नेहमीचा आक्षेप : "अरे बाबा, डुक्कर काय थांबणार आहे का तू झाकण उघडेपर्यंत?" नाही थांबणार. थांबूच नये. दुनळी बंदुकीत दोन काडतुसं आधीच असतात. पहिल्या बारानंतर कळप तुरीत पळतो. त्यानंतरचा तिसरा बार हा दिसणाऱ्या जनावरावर नसतो, हलणाऱ्या तुरीवर असतो. आणि तुरीत शेजारच्या वावरातला राखणदारही असू शकतो. जानेवारी २०२५ च्या शेवटी पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या बेकायदा शिकारीला गेलेल्या टोळक्याने आपल्याच गावच्या माणसाला डुक्कर समजून गोळी घातली. माणूस गेला. त्यांना काडतूस हाताला लवकर लागत नव्हतं अशी काही अडचण नव्हती. झाकण उघडायला लागणारे ते तीन-चार सेकंद मला डिझाईनमधला दोष वाटत नाहीत. त्या सेकंदांत माणूस एकदा बॅटरी फिरवून बघतो.

गंमत म्हणजे ज्यांना खरोखर वेग पाहिजे होता त्यांनीही झाकण आणि मोजदाद सोडली नव्हती. २९ नोव्हेंबर १८०३ ला आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावला वेलस्लीची फौज लढली, आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. तेव्हाच्या इंग्रजी पायदळाच्या कमरेला काय होतं? चामडी पेटी, आत भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, एका भोकात कागदाचं एक काडतूस, आणि वर मोठं झाकण. लढाईत उभ्या असलेल्या शिपायाला भोकं मोजून चालतं, आणि चन्याच्या राखणदाराला मात्र उघडा पट्टा पाहिजे?

पिशवीला एक सातवा कप्पा हवा, कागदांचा. परवाना आणि वनखात्याची परवानगी, प्लॅस्टिकमध्ये. कारण एकच पिशवी वेगवेगळ्या कमरांवर वेगवेगळी दिसते. वऱ्हाडातले पिढीजात शिकारी म्हणजे फासेपारधी. त्यांच्या झोळीत काडतूस नव्हतं, फास होते. १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, १९५२ मध्ये तो कायद्यातून निघाला, पण लोकांच्या नजरेतून निघाला का? आजही गावात पारध्याच्या खांद्यावर झोळी दिसली तर चौकशी होते, आणि कोणी पुढाऱ्याचा भाचा गब्बरसारखा पट्टा घालून फोटो काढतो तर त्याला लाईक मिळतात. कागद आणि काडतुसांचा हिशोब दोघांनाही सारखाच मागितला गेला पाहिजे. तो मागायचा असेल तर आधी हिशोब ठेवता येईल अशी वस्तू पाहिजे.

आणि पिशवीने पीक वाचेल असा माझा दावा नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत अनेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा तूर फुलावर होती आणि चना नुकता वर आला होता. डुकरांना आचारसंहिता लागू नसते. त्यामुळे सौर कुंपण, वेळेवर पंचनामा, नुकसानीचे पूर्ण पैसे, हे मागणं सोडता येणार नाही. बंदूक हा शेवटचा उपाय आहे, आणि तोही गावातल्या एखाद-दोन सरावलेल्या, शुद्धीत असलेल्या माणसांच्या हातात.

म्हणून वनखात्याला माझं मागणं अगदी छोटं आहे. परवानगीच्या कागदावर प्राणी कोणता, गट नंबर कोणता हे असू द्या, त्यासोबत दोन रकाने वाढवा : वावरात नेलेली काडतुसं किती, आणि सकाळी परत आलेले नग (जिवंत अधिक रिकामे) किती. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. आणि अकोल्यात ताडपत्री, बैलाच्या झुली, शाळेची दप्तरं शिवणारे कारागीर आहेत, त्यांच्यातल्या कोणालाही ही सहा खणांची पिशवी एका दुपारी शिवता येईल. परदेशी नक्षीच्या पट्ट्याहून ती नक्कीच स्वस्त पडेल. फोटोत मात्र काही खास दिसणार नाही.