पदवीच्या अटी कोणावर?

इंग्रजी विषय घेऊन बी. ए. होण्यासाठी काय लागते, या प्रश्नाला आज आकड्यांत उत्तर मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० श्रेयांक लागतात. १२० पैकी ६० मुख्य विषयाचे आणि २४ गौण विषयाचे; उरलेले अन्य शाखांचे विषय, भाषा, कौशल्ये, मूल्यशिक्षण आणि उन्हाळी प्रशिक्षण यांत विभागलेले आहेत. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही पद्धती २०२४-२५ पासून सुरू झाली. विद्यापीठागणिक श्रेयांकांत थोडा फरक पडतो, परंतु सांगाडा तोच आहे.

हिशेब चोख आहे. वर्गातील पंधरा तासांच्या अध्यापनाचा एक श्रेयांक. म्हणजे मुख्य विषयाच्या ६० श्रेयांकांसाठी सुमारे ९०० तास. मात्र या कोष्टकात न छापलेली एक अट आहे आणि तीच सर्वांत कठोर आहे. ती अशी की, इंग्रजी शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी आधीच आलेले असले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या शेतमजुराच्या मुलीसमोर पहिल्याच सत्रात इंग्रजी कविता आणि साहित्याची परिभाषा येऊन उभी राहते. भाषा शिकविणे हे पदवीच्या वर्गाचे काम नव्हे, असे प्राध्यापक मानतात. ते शाळेत झाले नाही, हेही सर्वांना ठाऊक असते. मग ती मूळ पुस्तक बाजूला ठेवून बाजारातील गाइड विकत घेते, उत्तरे पाठ करते आणि उत्तीर्ण होते. श्रेयांक पुरे होतात, विद्या अपुरी राहते. दोष मात्र तिच्या बुद्धीला दिला जातो.

या अन्यायाला इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली न्यायमूर्ती रानडे प्रभृती पहिले पदवीधर बाहेर पडले, तेव्हापासून येथे पदवीचा दरवाजा इंग्रजीनेच उघडत आला. खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली सुरू झाला आणि केंब्रिजमध्ये १९१७ साली. म्हणजे इंग्रजांच्या घरी त्यांच्या वाङ्मयाला पदवीची पूर्ण प्रतिष्ठा मिळण्यापूर्वीच ते येथे सरकारी नोकरीची कसोटी होऊन बसले होते. विषय ज्ञानाचा, उपयोग मात्र चाळणीचा, हा वारसा तेव्हापासूनचा आहे.

नव्या आराखड्याने या चाळणीला आणखी दोन जाळ्या बसविल्या आहेत. पहिली जाळी बाहेर पडण्याच्या दारांची. ४० श्रेयांक आणि उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पुरा केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र मिळते. त्याच रीतीने दोन वर्षांनंतर पदविका मिळते. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. पूर्वी मध्येच शिक्षण सोडणारा रिकाम्या हाताने जात असे, आता त्याच्या हाती काही कागद पडतो. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे; त्या वर्षी बुडालेली मजुरी हाही खर्चच होय. ज्या घराला ही मजुरी सोडणे परवडत नाही, त्याच घरची मुले या दारांनी बाहेर पडणार. घरची स्थिती तीच राहिली, तर तीन वर्षांत ती परतणार कशी? मिळविलेले श्रेयांक पेढीत सुरक्षित राहतील, पण त्यांवर चूल पेटत नाही. निवडीचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे दिले, तरी निवड करण्याची ऐपत सारखी नसते.

दुसरी जाळी चौथ्या वर्षाची. ‘संशोधनासह ऑनर्स’ या पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावयाचा आहे. २०२२ च्या पीएच. डी. नियमांनी ७५ टक्के गुण असलेल्या चार वर्षांच्या पदवीधराला थेट पीएच. डी. प्रवेशाची पात्रता दिली. तीन वर्षांच्या पदवीधराला एम. ए.चा मार्ग खुला आहे, हे खरे. परंतु तो लांबचा आहे. शिवाय संशोधनाचे हे वर्ष चालविणाऱ्या विभागात पीएच. डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक असावेत, अशी अपेक्षा आहे. ती रास्तच आहे. पण तालुक्याच्या ज्या महाविद्यालयात इंग्रजीचा विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या तुटपुंज्या मानधनावर उभा आहे, तेथे हे वर्ष सुरू व्हावे कसे? मुलीने ७५ टक्के गुण मिळविले, तरी तिच्या गावी तो वर्गच नसेल. शासनाने पदे भरली नाहीत आणि शिक्षा विद्यार्थिनीला झाली, असा हा न्याय आहे.

समाजवादी चळवळीत इंग्रजीविषयीचा वाद जुना आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा पुरस्कार केला, तो शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी. डॉ. लोहियांनी ‘अंग्रेजी हटाओ’ची हाक दिली, ती मूठभरांची सत्ता मोडण्यासाठी. बिहारमध्ये १९६७ साली शिक्षणखाते सांभाळताना कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकसाठी इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढली, तेव्हा उच्चवर्णीयांनी ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून त्या मुलांची टिंगल केली. या भूमिका परस्परविरोधी वाटतात, परंतु त्यांचा शत्रू एकच आहे: भाषेची मक्तेदारी. मक्तेदारी मोडावयाची तर इंग्रजीची भिंत पाडली पाहिजे आणि ज्याला इंग्रजी हवे त्याला ते उत्तम रीतीने शिकविलेही पाहिजे. पहिले काम काही प्रमाणात झाले. दुसरे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

म्हणून मागणी अटी शिथिल करण्याची नसावी. स्वस्त पदवी ही गरिबाची दुसरी फसवणूक होय. मागणी अशी हवी की, विद्यार्थ्यावर जितक्या अटी, तितक्याच शासनावर आणि संस्थेवरही असाव्यात. पहिल्या वर्षी इंग्रजी भाषेचा पायाभूत वर्ग विनाशुल्क, वेळापत्रकात आणि मराठीच्या आधाराने घेतला जावा. मंजूर पदे कायम अध्यापकांनी भरावीत. चौथ्या वर्षाची सोय प्रत्येक जिल्ह्यात शासनाच्या खर्चाने व्हावी आणि त्या वर्षासाठी बुडणाऱ्या मजुरीचा विचार करून निर्वाहभत्ता मिळावा.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: इंग्रजीचे कायम अध्यापक किती, पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकले आणि चौथे वर्ष कोठे आहे? या उत्तरांचा तक्ता प्रत्येक गावात लावला, तर पदवीच्या परीक्षेत नेमके कोण नापास झाले आहे, ते लोकांना वेगळे सांगावे लागणार नाही.