‘एक टनी’ गाडीत किती क्विंटल? जुनी फोर-बाय-फोर पिकअप घेण्याआधी आरसीवरचे दोन आकडे वाचा

यवतमाळ : कापसाचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्यात जुन्या पिकअपला भाव येतो. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर साधी गाडी फसते, त्यामुळे ‘फोर-बाय-फोर आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो. दुसरा प्रश्न, ‘किती टनी आहे?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तोंडीच मिळते आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

‘टनी’ हा शब्द आला कुठून?

लष्करातून. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप अमेरिकी लष्कराच्या दप्तरात ‘पाव टन, फोर-बाय-फोर’ म्हणून नोंदलेली होती. महिंद्राने 1947 पासून भारतात याच विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत निस्सानची ‘वन टन’ आणि तीन टनी शक्तिमान तयार झाली.

यात पाव, एक, तीन हे आकडे गाडीच्या वजनाचे नाहीत. गाडीने किती ओझे न्यावे, याची ती ढोबळ वर्गवारी होती. तीही रस्ता नसलेल्या जमिनीचा विचार करून ठरवलेली. म्हणून ‘वन टन’ गाडी स्वतः एक टनापेक्षा कितीतरी जड असते. आज बाजारात ‘दीड टनी पिकअप’ म्हणतात, तेव्हाही बोलणे ओझ्याचेच असते. कायदा मात्र वेगळाच आकडा पाहतो.

कायदा कोणते वजन पाहतो?

आरसीवर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे. दुसरे गाडी, माल, चालक आणि बसलेली माणसे मिळून जास्तीत जास्त परवानगी असलेले एकूण वजन. मालवाहू गाड्यांचे वर्ग या दुसऱ्या आकड्यावर ठरतात.

- 3.5 टनांपर्यंत : एन-1
- 3.5 ते 12 टन : एन-2
- 12 टनांच्या वर : एन-3

परवान्यासाठी रेषा 7,500 किलोची आहे. तेवढ्या एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले.

हिशेब क्विंटलमध्ये

समजा, आरसीवर रिकामे वजन 1,700 किलो आणि एकूण वजन 3,000 किलो आहे. फरक 1,300 किलोचा, म्हणजे 13 क्विंटल. चालकासह चार माणसे बसली की त्यातले अडीच क्विंटल गेले. मालासाठी उरले साडेदहा.

त्यात फोर-बाय-फोरची मेख आहे. पुढच्या चाकांना ताकद देणारा गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पुढचा एक्सल यांचे वजन गाडीतच असते. एकूण मर्यादा तीच असेल, तर फोर-बाय-फोर गाडीत माल कमी बसतो, जास्त नाही. चारही चाके ओढतात म्हणून गाडी चिखलातून निघते, पण उतारावर ब्रेकची ताकद त्यामुळे वाढत नाही. नंतर बसवलेले जादा पाटेही गाडीची मर्यादा वाढवत नाहीत. पाटा वाकला नाही म्हणजे ओझे पेलले असे होत नाही.

डोळ्यांचा अंदाज का फसतो?

कापूस हलका आणि फुगीर. गाडी शिगोशीग दिसते, पण वजनाची मर्यादा गाठलेली असेलच असे नाही. तिथे धोका उंचीचा असतो, वळणावर गाडी कलंडते. सोयाबीन, तूर, सिमेंटचे उलट आहे. 50 किलोचे 26 कट्टे म्हणजे 13 क्विंटल झाले, तरी डाला अर्धाच भरलेला वाटतो आणि ‘अजून चार टाका’ होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याचाच. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हेच वजन वादाचा मुद्दा ठरते.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचे काय?

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशा गाडीने व्यावसायिक वापर करता येत नाही. म्हणजे ती पोळ्याला, प्रदर्शनात मिरवा, कापसाचे भाडे मारायला नाही.

उपाय काट्यावरच आहे

सगळा दोष चालकावर ढकलणे सोपे आहे. पण भाडे क्विंटलवर ठरते, फेरी वाचली तर डिझेल वाचते आणि मालकाला एका खेपेत काम हवे असते. त्यामुळे नुसत्या दंडाने हे थांबणार नाही.

खरे तर जिनिंगवर आणि बाजार समितीत गाडी दोनदा काट्यावर चढते, एकदा भरलेली, एकदा रिकामी. दोन्ही वजने पावतीवर छापून येतात. त्यांच्या शेजारी त्या गाडीचे आरसीवरचे मंजूर वजन छापले, तर जास्तीचा भार मालक, चालक आणि शेतकरी या तिघांनाही तिथेच कळेल. नवे यंत्र नको, नवा कायदा नको. परिवहन विभाग आणि बाजार समित्यांनी एमएच-29 च्या गाड्यांपासून ही सुरुवात करायला हरकत नाही.

तोपर्यंत एवढे करा. जुनी गाडी घेताना तिला रिकामीच काट्यावर न्या. लोखंडी पत्रा, जाळी, जादा पाटे यांनी वजन वाढलेले असते. पावतीवरचा आकडा आरसीवरच्या एकूण वजनातून वजा करा. उरेल ती तुमच्या गाडीची खरी ‘टनी’.